लाल रांगेतलं स्थळ

वाशीम, १७ नोव्हेंबर २०२४

प्रज्वलदादा,

तुझी खुशाली विचारत नाही. ती आईच्या फोनवरून कळते आणि ती नेहमी चांगलीच असते.

पत्र पाहून तुला हसू येईल. पण फोनवर मी तोंड उघडलं की तू मधातच म्हणतोस, "थांब निकी, आधी माझं ऐक." मग मी ऐकत बसते आणि माझं राहून जातं. मोठा मेसेज लिहिला की तू अंगठा पाठवतोस. कागदावर तुला मधात बोलता येत नाही. म्हणून कागद.

मेडशीवाल्यांचा, विकासच्या घरचा, नकार आला. ललिताआत्याचा फोन होता. "पोराचा सध्या विचार नाई म्हणते," एवढंच बोलली आणि ठेवून दिला. साखरपुड्यासाठी आईनं रिसोडहून आणलेली साडी अजून दुकानाच्या पिशवीतच आहे. बाबा म्हणतात, "जाऊ दे, दुसरं पाहू." जसं काही एसटी चुकली, मागून दुसरी येईल.

त्यांनी कारण सांगितलं नाही. मी सांगते. पाडव्याला तू केनवडच्या आपल्या घरात लॅपटॉप टीव्हीला जोडलास. बाबांना वाटलं, पुण्याच्या नव्या फ्लॅटचे फोटो दाखवतोस. आत्या चिवड्याची ताटली घेऊन खास पुढे येऊन बसली. आणि पडद्यावर आला तुझा तक्ता. डावीकडे कामांची नावं, पुढे तीन रकाने: कोणतं काम मशीन किती खाईल, पगार किती, येत्या वर्षांत जागा वाढतील की आटतील. हिरव्या, पिवळ्या, लाल रांगा. तू उभा राहून समजावत होतास, ऑफिसात साहेबांना समजावतोस तसा.

आधी परिचारिका दाखवलीस. हिरवीगार. "आपली निकी सेफ आहे," म्हणालास. आईनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली सरकवत सरकवत आणलंस अनुवादक आणि टंकलेखकावर. लाल. विकासचंच काम ते, पण त्याचं नाव तू घेतलं नाहीस. एवढा हुशार तू आहेस. फक्त म्हणालास, "मी काही बोलत नाही, हे आकडे बोलतात."

आत्याला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "बापू, ते लाल-लाल काय लिहेल हाय?" आणि तू तिला वाचून दाखवलंस. जे स्थळ तिनं स्वतः चार घरं हिंडून आणलं होतं, तिच्याच गावचं, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेलं पोरगं, त्याची रांग तू तिला मोठ्यानं वाचून दाखवलीस. तिनं ताटली खाली ठेवली. म्हणाली, "म्या माणूस आणला होता बापू. तू त्याचा भाव काढून राह्यला." संध्याकाळच्या गाडीनं ती मेडशीला निघून गेली. भाऊबीजेलाही थांबली नाही. बाबा तिचे सख्खे भाऊ, हे तुला आठवलं का?

आता तिनं गावात जाऊन ते सांगितलं असणार, आणि त्या लोकांना लागलं असणार. मलाही लागलं असतं.

आणि ते माझं हिरवं काम. ते हिरवं का आहे, हे तुझ्या तक्त्यात लिहिलेलं नाही, मी लिहिते. अर्धांगवायूच्या धिप्पाड माणसाला कुशीवर वळवायचं, त्याच्या पाठीच्या जखमा धुवायच्या, त्याचं सगळं आवरायचं, वरून त्याच्या सुनेच्या शिव्या खायच्या. यासाठी मशीन आणायला आमच्या डॉक्टरला परवडत नाही. माझी पाठ त्याला स्वस्त पडते. म्हणून मी हिरवी. दवाखान्यातल्या सगळ्या पोरी हिरव्या, आणि सगळ्या कंबरेला पट्टा बांधून फिरतात.

त्या माणसात माझं काही अडकलेलं नाही, हे नीट समजून घे. तीनदा भेटलो, तेही आत्यासमोर. त्याला बिनसाखरेचा चहा लागतो आणि बोलताना तो आधी शब्द शोधतो, यापलीकडे मला काही माहीत नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पाहुणे माझे होते, तक्ता तुझा कशाला?

निकिता


वाशीम, ९ डिसेंबर २०२४

प्रज्वल,

आज दादा लिहीत नाही.

मी कोर्टात गेले होते. नर्सिंगच्या नोंदणीसाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. ते कुठेही होतं, आमच्या दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडेही होतं. तू म्हणण्याआधी मीच सांगते.

आवारात टिनाच्या शेडखाली विकास बसतो. समोर टाइपरायटर नाही, जुना संगणक आहे, बाजूला शब्दकोश, त्याच्यावर पेपरवेट म्हणून एक बोल्ट. शेतीचे दावे नागपूरला हायकोर्टात गेले की सातबारा, फेरफार, लोकांच्या जबान्या इंग्रजीत करून द्याव्या लागतात. ते तो करतो. मला पाहून तो उभा राहिला. मग आपण का उभे राहिलो हे त्याला कळेना म्हणून बसला. मग स्टूल मला दिलं आणि पुन्हा उभा राहिला.

मी म्हटलं, "तुमी नकार देला. मले कारण पाह्यजे."

"आत्यानं सांगितलं असंल."

"आत्याले तुमीच काही सांगितलं नाई, तं ते काय सांगन?"

शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे टाइप करायचे थांबले. त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. म्हणाला, "तुह्या भावाचा फोन आलता."

"कधी?"

"भाऊबीजेच्या दिवशी. दुपारी."

प्रज्वल, भाऊबीजेच्या दुपारी मी तुला ओवाळलं. कुंकू ओलं होतं. तुझा फोन वाजला नव्हता, तूच काढलास, म्हणालास "ऑफिसचं आहे," आणि अंगणात गेलास. आईनं तुझ्या ताटातली पुरणपोळी झाकून ठेवली. तू परत आलास, तूप मागितलंस, दोन पोळ्या खाल्ल्यास. तेव्हा तू माझं लग्न मोडून आला होतास.

मी त्याला विचारलं, "काय बोलला?"

"शिव्या नाई देल्या. लय सभ्य बोलला. म्हणे, तुमी चांगले माणूस हाय म्हणून सांगतो. पाच वर्षांनं तुमच्या टेबलावर काय राह्यीन? माही बहीण रातपाळ्या करून तुमाले पोसन का?"

"अन् तुमी काय म्हणाले?"

"काय म्हणू? खोटं कुठी होतं त्यात?"

मग त्यानं मला दाखवलं. पूर्वी वकिलांकडून कागदांचे गठ्ठे यायचे. आता वकिलाचा ज्युनिअर मोबाइलमधून सगळं इंग्रजी करून आणतो आणि म्हणतो, वरवर पाहून द्या, चुका काढा. त्याचे पैसे चहापाण्याइतके. हे तो रडत सांगत नव्हता. पाऊस कमी झाला असं सांगावं तसं सांगत होता. तुझा तक्ता खोटा नव्हता, हे मला तिथे, त्या स्टुलावर बसून कळलं, आणि तुझा त्याहून जास्त राग आला. खोटा असता तर मी फाडला असता.

पण मी त्यालाही सोडलं नाही. सगळ्यांसमोर बोलले. "मागणी तुमी मले घातली होती. उत्तर माह्या भावाले देलं. तुमी दोघायनं फोनवर बसून ठरवून टाकलं. मले इचारलं का कोनी? म्या म्हटलं होतं का मले पोसा? म्या म्हटलं होतं का मी पोसतो?"

तो म्हणाला, "तुले सांगाची लाज वाटली."

"अन् त्याले सांगताना नाई वाटली!"

मी उठले. प्रतिज्ञापत्र राहिलंच. बसस्टँडपर्यंत पायी गेले तेव्हा लक्षात आलं, मला बसनं जायचंच नव्हतं.

आई-बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तुला वाचवायला नाही. बाबा तुझं नाव चारचौघांत कसं घेतात ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. ते तोंड मला उतरलेलं पाहायचं नाही. पण तू मला फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

निकिता


वाशीम, २० जानेवारी २०२५

प्रज्वलदादा,

तुझं पत्र मिळालं. हातानं लिहिलंस, अक्षर अजून तसंच आहे, 'र' मोडका.

तू लिहिलंस की ऑफिसात मागच्या वर्षी तुलाच सांगितलं, तुझ्या गटातल्या कोणाचं काम आता मशीन करू शकतं त्याचा तक्ता बनव. तू बनवलास. निम्मे लोक गेले. त्यातला एक तुझ्यासोबत रोज डबा खायचा. जाताना त्यानं तुझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुझी काही चूक नाही. तेव्हापासून तुला कोणीही माणूस भेटला की आधी त्याची रांग दिसते. रिक्षावाला, शाळेतले सर, भाजीवाली. रात्री झोप लागत नाही. मला कोणी त्या लाल रांगेत नेऊन बसवू नये, एवढंच तुझ्या मनात होतं, असं लिहिलंस.

मी हे तीनदा वाचलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. तुझ्यासोबत डबा खाणाऱ्या त्या माणसाचं तर फारच वाटलं.

पण दादा, ऑफिसात तुला साहेबांनी सांगितलं होतं. घरी कोणी सांगितलं होतं? तिथे तुझं पोट होतं. इथे दिवाळी होती. तू घाबरलास तर माझ्याजवळ येऊन म्हणायचं होतं, निकी, मला भीती वाटते. मी रात्रभर तुझ्याजवळ बसले असते. घाबरलेल्या माणसांजवळ बसायचाच मला पगार मिळतो. तू तसं नाही केलंस. तुझी भीती रंगवून टीव्हीवर लावलीस आणि तिला अक्कल म्हणालास.

आणि तेवढं करून थांबलाही नाहीस. संक्रांतीला अकोल्याचे पाहुणे पाठवलेस. फिजिओथेरपिस्ट. सांगायलाच नको, हिरवा. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या आईनं विचारलं, "जर्मनीत नर्सेसना खूप मागणी आहे म्हणे, जर्मन शिकायची तयारी आहे ना? प्रज्वलनं सांगितलंय, दोघांचं जोडीनं जमेल." म्हणजे माझा देशही ठरला होता.

बोलायला आम्हाला मागच्या अंगणात पाठवलं. मी त्याला सरळ सांगितलं, माझं मन दुसरीकडे आहे. तो म्हणाला, "मग मला तिळगूळ तरी द्या, रिकाम्या हातानं गेलो तर आई विचारेल." मी दिला. तो हसला. जाताना बाबांना म्हणाला, "पत्रिका जुळत नाही." त्याच्याकडे पत्रिका नव्हतीच. भला माणूस.

हो, मन दुसरीकडे आहे असं म्हणाले. पहिल्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते काढून दाखवू नकोस.

निकिता


केनवड, २३ मार्च २०२५

दादा,

आई म्हणाली, पोरगा फोनवर रडला. मी विचारलं नाही का म्हणून. पण घरात जे झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. बाबा ते कधी सांगणार नाहीत.

आधी विकासचं. गेल्या महिन्यात तो दवाखान्याच्या फाटकाशी आला. माझी पाळी सुटायची वेळ होती. म्हणाला, "मी चुकलो. तुह्या भावाशी बोललो, तुह्याशी बोलाले पाह्यजे होतं." सकाळी कोर्टात बसतो, दुपारून एका ठेकेदारासोबत सोलरचे पंप बसवायला शेतांवर जातो. हात दाखवले. फोडच फोड. "जमते का?" मी विचारलं. "नाई जमत," म्हणाला. "पाना उलटा फिरवतो. ठेकेदार म्हणते, तुमी फक्त बिलं लिहा." मला हसू आलं आणि ते मला दाखवायचं नव्हतं.

मग त्यानं विचारलं. आत्याला नाही, बाबांना नाही, तुला तर नाहीच. मला. "अनुवादाचं काम चालन का नाई, मले माहीत नाई. पंपाचं जमन का नाई, तेही माहीत नाई. तुले पाह्यजे का असा माणूस?"

मी म्हटलं, पाह्यजे. पण पुन्हा माह्यामागं कोनाशी काही ठरवलं तं कोर्टातच उभा करीन. तो म्हणाला, "वकील मले फुकट भेटते."

होळीला घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. तुझा भाऊबीजेचा फोनही. सांगावाच लागला, कारण ते म्हणत होते, ज्या लोकांनी एकदा नकार दिला त्यांच्या दारात मी जाणार नाही. ऐकूनही त्यांना तुझी बाजू सोडवेना. म्हणाले, "प्रज्वलनं भल्यासाठीच केलं असंल. बायकोच्या पगारावर जगनारा जवाई मले नाई पाह्यजे. त्यानं शिकून-सवरून तक्ता केला, तो काय उगाच?"

तीन दिवस आम्ही बोललो नाही. हरभरा काढणं सुरू होतं. मीही गेले सोबत. बाबा एका सरीत, मी दुसऱ्या.

चौथ्या दिवशी दुपारी जेवल्यावर त्यांनी मला हाक मारली. "तुह्या मोबाइलात हाय का ते? प्रज्वलचं?" तू घरच्या ग्रुपवर टाकला होतास, होताच. मी उघडला. त्यांनी चष्मा पुसला. "याच्यात शेतकरी असंल नं?"

मी म्हटलं, "राहू द्या बाबा."

"दाखव."

दाखवला. त्यांनी बोट ठेवून वाचलं. मशीनचा धोका मध्यम. उत्पन्न सगळ्यांत खालचं. वाढ घटती. रांग लाल.

"हे प्रज्वलनं लिहेल हाय?"

"हो."

"म्हणजे लिहिताना त्यानं वाचलं असंल."

दादा, तुझी पुण्याची फी, तुझा पहिला लॅपटॉप, ते काही मी मोजून दाखवणार नाही, बाबांनीही कधी मोजलं नाही. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तुझ्याच अंगावर ओतावंसं वाटलं. ते चिडले नाहीत. लाजले. साठी उलटलेला माणूस, हाताला हरभऱ्याची आंबट आंब लागलेली, आणि आपल्या पोराच्या तक्त्यात आपलं नाव पाहून लाजला. मोबाइल माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेला.

आई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बाबा परत आले तसं म्हणाली, "माह्या बापानं हे पाह्यलं असतं तं मले या घरी देलंच नसतं." आणि हसली. बाबा हसले नाहीत. मग तिनं मला विचारलं, "माही रांग कोनती हाय वं?"

मी शोधली. खरंच शोधली, वरपासून खालपर्यंत. "तुझी नाही आई."

"नाई?" ती म्हणाली. "मंग मले कोनी काढू नाई शकत." आणि भांडी घेऊन मोरीकडे गेली.

संध्याकाळी बैलाला पाणी दाखवून बाबा ओट्यावर बसले. मला म्हणाले, "तुही माय माह्या घरी आली तवा माह्यापाशी काय होतं? कोरडवाहू तुकडा अन् माह्या मायची जीभ. तिनं काय पाह्यलं असंल माह्यात?" मी म्हटलं, तिलाच विचारा. ते म्हणाले, "आता इचाराची हिंमत नाई."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मेडशीला गेले. तुझ्याऐवजी त्यांनी माफी मागितली, दादा. इंद्रभान पाटील म्हणून ज्याला गावात लोक उठून जागा देतात, तो माणूस विकासच्या वडिलांसमोर, सेवादासकाकांसमोर, खाली मान घालून बसला. काकांनी चहा दिला, पण बोलले ते बोलले. "आमचं पोरगं तुमी टीव्हीवर लाल करून दाखवलं. आता तुमच्या मांडवात आमी कोन्त्या तोंडानं येऊ?" लग्नाला ते नाही म्हणत नाहीत, पण केनवडच्या मांडवात यायचे नाहीत. म्हणून नोंदणी लग्न. वाशीमला. महिन्याची नोटीस द्यावी लागते, ती देऊ.

आईला माझ्या लग्नाचा मांडव दारात पाहायचा होता. आंब्याची पानं कुठल्या झाडाची आणायची तेसुद्धा तिनं ठरवलं होतं. तेवढं तू तिच्याकडून घेतलंस. हे तुझ्या कोणत्या रकान्यात बसतं?

तारीख ठरली की कळवीन. बाबा म्हणाले, कळव. मी कळवतेय ते त्यांच्यासाठी.

निकिता


वाशीम, १२ मे २०२५

दादा,

लग्न झालं.

ऊन असं होतं की नोंदणी कार्यालयाच्या जिन्याचा कठडा हाताला चटके देत होता. आई, बाबा, आत्या, विकासचे आईवडील, दोन वकील आणि आमच्या वॉर्डातल्या गोमतीबाई. आईनं ती रिसोडची साडी मला नेसवली. सेवादासकाका आधी एका खुर्चीवर वेगळे बसले होते. बाबांनी त्यांना लिंबूसरबताचा ग्लास नेऊन दिला. काका अर्धा प्याले आणि उरलेला त्यांनी बाबांच्या हातात परत दिला. बाबा तो प्याले. मग दोघं एका बाकावर बसले आणि तुरीच्या भावाबद्दल बोलायला लागले. एवढंच झालं, पण आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

तीन साक्षीदार लागतात. आत्यानं अंगठा दिला. वकिलानं सही केली. तिसऱ्या जागेसाठी बाबा म्हणाले, "जरा थांबू." नोंदणीचे साहेब घड्याळाकडे पाहत होते. बाबा खिडकीशी गेले आणि तिथेच उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले.

तुझी गाडी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होती. काच खाली होती. तू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत बसला होतास.

बाबा म्हणाले, "पोरगं आलं हाय."

मी म्हटलं, "जिना दिसतो त्याले."

"बलावू का?"

"नाई."

का नाही म्हणाले, ते सांगते. मला तू यायला हवा होतास. पण बोलावून नको. बाबा एकदा तुझ्यासाठी मेडशीला गेले, आता जिना उतरून गाडीच्या काचेशी वाकले असते, आणि ते मी होऊ दिलं नसतं. आम्ही थांबलो. साहेबांनी दुसऱ्या जोडप्याला आधी बोलावलं, त्यांचं आटोपलं, तरी आम्ही थांबलो. तू उतरला नाहीस.

मग तिसरी सही गोमतीबाईंनी केली. त्या वॉर्डात फरशी पुसतात, साक्षर वर्गात जाऊन सही शिकल्या आहेत. त्यांनी एवढी सावकाश केली की साहेबांनी पेन उगाच हलवलं. मी म्हटलं, "सर, घाई करू नका." तुझी जागा होती ती, दादा. भरली.

कारकुनानं प्रत्येकाचा व्यवसाय विचारला. मी म्हटलं परिचारिका. विकासला विचारलं तसा तो जरा थांबला. मला वाटलं, आता पंपाचं सांगतो की काय. तो म्हणाला, "अनुवादक." कारकुनानं मान वर करून पाहिलं आणि लिहिलं. मला त्या क्षणी तो एवढा आवडला की मी खाली पाहिलं.

उद्या हे काम राहील की नाही, ते आम्हा दोघांना माहीत नाही. कदाचित तुझा तक्ता अक्षर न् अक्षर खरा ठरेल. पाच वर्षांनी मी रातपाळी करून घरी येईन आणि तो भाकरी टाकून ठेवेल. करपलेली असेल, कारण तेही त्याला येत नाही. ते मी खाईन. ते खाणं माझं आहे, तुझं नाही.

खाली आलो तेव्हा कडुनिंबाखाली गाडी नव्हती. चहावाल्यानं बाबांना पेढ्यांचा डबा दिला. म्हणाला, एक साहेब ठेवून गेले. मी डबा उघडणार नव्हते. आईनं उघडला, सगळ्यांना वाटला, काकांनाही दिला, शेवटी माझ्याही तोंडात कोंबला. पेढे चांगले होते. त्याचा मला अजून राग येतोय.

पुण्याहून वाशीमपर्यंत गाडी चालवत येतोस आणि एक जिना चढत नाहीस! कशाला आलास मग? मला पाहायला? मी दिसले का तुला? बाबा खिडकीत किती वेळ उभे होते ते दिसलं का? आई घरी जाताना एसटीत, बाबा सांगत होते, पेढ्याचा रिकामा डबा मांडीवर धरून बसली होती, टाकू दिला नाही कोणाला.

तुझ्या ऑफिसात आणखी लोक काढणार, असं आई म्हणाली. या वेळी तक्ता दुसराच कोणी बनवतोय आणि तुला काही सांगत नाहीत, हेही म्हणाली. तू तिला हे सांगितलंस याचा अर्थ मला समजतो. मी समाधान मानत नाही. मानावंसं वाटलं होतं, एक संध्याकाळभर. मग गेलं.

आम्ही इथेच, वाशीमच्या लाखाळ्यात, खोली घेतली आहे. खाली पिठाची गिरणी आहे, दिवसभर घर थरथरतं. रविवारी मी घरी असते. पेढे, साडी, पैशाचं पाकीट, काही आणू नकोस. आधी मेडशीला जा, आत्याच्या पाया पड, ती दोन रट्टे देईल ते घे, आणि मग इथे ये. दाराची कडी विकासनं बसवली आहे, म्हणजे ती नीट लागत नाही. वाजवत उभा राहू नकोस, गाडीत तर मुळीच बसू नकोस. खांदा लावून ढकल, दार उघडतं. आत आलास की तुझं काय करायचं ते मी ठरवीन.

निकिता